सर, शू आली!

तुमच्या बालवाडीच्या बाई आठवतात? नाव विसरला असाल, चेहराही धूसर झाला असेल, पण बाई होत्या एवढं नक्की. कुणाच्या ताई, कुणाच्या टीचर, इंग्लिश मीडियमवाल्यांच्या मिस. आता पुढचा प्रश्न. बालवाडीतले तुमचे सर आठवतात का? बसा डोकं खाजवत! आठवणार कुठून? सर नव्हतेच की राव.

आणि ते नव्हते, यात आपल्याला कधी काही खटकलंही नाही. आपण तसे एकदम मॉडर्न पब्लिक. एसटीत बाई कंडक्टर असली तर आता कुणी वळूनही बघत नाही. स्टेअरिंगवर बाई दिसली तर लगेच फोटो, स्टेटस, खाली टाळ्यांचे इमोजी. विमानात पायलट बाई आहेत असं अनाउन्स झालं की आपलीच कॉलर ताठ. चांगलंच आहे. पण कुणी उलट्या दिशेनं निघाला, बायकांच्या समजल्या गेलेल्या कामात शिरला, की त्या टाळ्या कुठे जातात कोण जाणे. तिथे एक बारीकसं हसू येतं आणि पाठोपाठ प्रश्न, 'दुसरं काही मिळालं नाही का?'

माझा एक मित्र २०१८ पासून हा प्रश्न ऐकतोय.

इंदापूर तालुक्यातलं आमचं गाव. तिथून हा रोज सकाळी बाइक काढतो आणि बारामतीला जातो. रस्ता पालखीचाच, बेलवाडी, सणसर, भवानीनगर, काटेवाडी. आषाढी वारीत तुकोबांची पालखी याच्या उलट्या दिशेनं, बारामतीकडून इंदापूरकडे येते. आणि दिवाळीनंतर कारखाने पेटले की त्याच रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकामागे दोन-दोन ट्रॉल्या, ओव्हरटेक करायला जागा मिळेल तर शपथ. सकाळी बारामतीकडे निघालेल्या त्या बाइकवाल्यांमध्ये कुणी एमआयडीसीतला असतो, कुणी बँकेतला, कुणी डेअरीतला. हा एका खासगी प्रीस्कूलमध्ये आहे. छोट्या गटाचा वर्गशिक्षक. पट चोवीस, वय साडेतीन ते साडेचार, आणि चोविसातली निदान पाच कायम कशावरून तरी रडणारी.

स्टाफमध्ये अकरा मिस, दोन मावश्या आणि हा. नाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही. आपण सर म्हणू. पोरांना तरी कुठे ते नीट म्हणता येतं? निम्मी पोरं 'सल' म्हणतात आणि जूनमध्ये नवीन आलेलं एखादं गडबडून थेट 'मिस सर'. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव आहे 'लव्हली लेडीज'. ॲडमिन कोण? हाच.

आता हा तिकडे पोचला कसा? 'लहानपणापासून मुलांची आवड' वगैरे फिल्मी कारण अजिबात नाही. आमच्या भागात एक जमाना होता, बारावीला बरे मार्क पडले की घरचे म्हणायचे, डी.एड. कर. दोन वर्षं काढली की झेडपीचा गुरुजी, मग लग्न, मग स्लॅबचं घर. कॉलेजंही पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली होती. २०१० मध्ये भरतीची सीईटी झाली आणि त्यानंतर ते गाडं जे रुतलं ते रुतलंच. २०१३ मध्ये टीईटी आली, २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आली, मग 'पवित्र' नावाचं पोर्टल आलं, नोकरी काही येईना. हजारो पोरं-पोरी डी.एड.चं सर्टिफिकेट लॅमिनेट करून बसली. हा त्यातलाच एक. २०१७ च्या चाचणीत मार्क कमी पडले. तेवढ्यात बारामतीतल्या ओळखीच्या एका मॅडमनी विचारलं, आमची एक मिस डिलिव्हरीच्या रजेवर जातेय, चार महिने येतोस का? चार महिन्यांसाठी गेला. ती मिस बाळाला घेऊन पेढे द्यायला आली, रजा संपवून कामावर आली, तरी हा तिथेच.

मग शनिवार-रविवार पुण्याला येऊन त्यानं बालशिक्षणाचा कोर्सही केला. बॅचमध्ये सगळ्या बायका आणि कोपऱ्यात हा. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्या दिवशी 'सो लेडीज' म्हणून सुरुवात केली आणि वर्षभर तीच ठेवली.

त्याच्या आईचं पहिलं वाक्य आमच्या ग्रुपमध्ये ऐतिहासिक आहे. "आरं, पोरांची शेंबडं पुसायला डी.एड. केलंस व्हय रं?" वडील काहीच बोलले नाहीत. वडिलांनी न बोलणं आमच्याकडे जास्त सीरियस असतं. पारावर कुणी विचारलं तर ते 'बारामतीला शाळेत आहे' एवढंच सांगतात, कितवीला ते गाळतात.

लग्नाच्या बाजारात आमच्याकडच्या पोरांचे काय हाल आहेत ते वेगळं सांगायला नको. शेती असली तर नोकरी हवी, नोकरी असली तर परमनंट हवी, परमनंट असली तर पुण्यात फ्लॅट हवा. त्यात हा असा. एका ठिकाणी बोलणी जमत आली होती. मुलीच्या मामांनी विचारलं, "कितवीला शिकवता?" हा म्हणाला, "छोट्या गटाला." मामांना वाटलं, पोरगा शाळेत शिपाई असणार, सरळ सांगत नाही. त्यांनी परस्पर शाळेत फोन करून चौकशी केली. चौकशीत हा खरोखरच शिक्षक निघाला. बोलणी तरीही मोडली!

लोक ज्या कामाला हसतात ते काम तरी काय आहे, म्हणून मी एकदा सुट्टी टाकून एक सकाळ त्याच्या वर्गात काढली. मागच्या बाकावर बसून म्हणणार होतो, पण तिथे बाकच नसतात. सतरंजीवर मांडी घालून बसलो आणि अकरा वाजेपर्यंत माझे दोन्ही पाय मेले. दोस्तांनो, आपण ऑफिसात 'टीम मॅनेजमेंट'च्या ट्रेनिंगला हॉटेलात जाऊन दोन दिवस बुफे खातो. त्यापेक्षा चोवीस साडेतीन वर्षांच्या माणसांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, न रडवता, चपला अदलाबदल न होऊ देता नेऊन दाखवा.

सर ओरडत नाही. गोंधळ वाढला की तो आवाज खाली आणतो, जवळजवळ कुजबुजतो. मग काय चाललंय ते ऐकू यावं म्हणून पोरंच गप्प होतात. एका पोरानं जगमधून पेल्यात पाणी ओतताना अर्धं सतरंजीवर ओतलं. सरनं पुसलं नाही. कोपऱ्यातलं छोटं फडकं त्याच्या हातात दिलं आणि दुसरीकडे बघत बसला. पोरगं पाच मिनिटं पुसत होतं, इतकं मन लावून की मला माझ्या टीममधल्या काही लोकांची आठवण आली. जग-पेल्याचा खेळ का, तर मनगट वळायला लागतं, आणि मनगट वळलं नाही तर पुढे पेन्सिल नीट धरता येत नाही. मण्यांचे ढीग का, तर लहान-मोठं, कमी-जास्त हे हाताला कळल्याशिवाय पाटीवरचा तीन आणि पाच म्हणजे नुसती नक्षी. यातलं काहीही आईपणातून आपोआप येत नाही. शिकावं लागतं, जसं आपण कोडिंग शिकलो किंवा टॅली शिकलो.

आणि भातुकली! बारामतीत काय नि पुण्यात काय, भातुकलीच्या कोपऱ्यात मुली आणि ठोकळ्यांच्या कोपऱ्यात मुलगे अशी सीमारेषा आपोआप पडते. सर रोज पहिला चहा भातुकलीत करतो. स्वतः. खोटं आलं खोट्या खलबत्त्यात कुटून. दुसऱ्याच आठवड्यात मुलगे ठोकळे सोडून गाळणी मागायला येतात म्हणे. मी होतो त्या दिवशी एकानं मला चहा दिला आणि वर दम भरला, "फुकून प्या, गलम आहे."

त्याच सकाळी मधेच एक पोरगी ताडकन उभी राहिली. "सर, शू आली!"

सर जागचा हलला नाही. दारात जाऊन हाक मारली, "मावशीऽऽ!" मावशी गॅलरीच्या टोकाला दुसऱ्या एकाची चड्डी बदलत होत्या. ती येईपर्यंत पोरगी पाय आवळून नाचतेय आणि हा तिला म्हणतोय, "आली हं मावशी, आली, आली." तो तिला घेऊन बाथरूमपर्यंत जाऊ शकत नाही. नियम आहे. पोरांना शू-शीला नेणं, कपडे बदलणं, मांडीवर घेणं, यातलं काही करायचं नाही. वर्गाचं दार कायम उघडं. मोबाइल ऑफिसात जमा. मॅडमनी त्याला घेतलं तेव्हा समोर बसवून हे नियम ठरवले, त्यानंही मान्य केले. अकरा मिसना मात्र यातला एकही नियम नव्हता.

'नव्हता' म्हणतोय, कारण पुढे ते बदललं. ऑगस्ट २०२४ आठवत असेल. बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, शाळेतला पुरुष सफाई कर्मचारी आरोपी होता, आणि २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. महाराष्ट्रातल्या प्रत्येक आईबापाच्या पोटात त्या आठवड्यात गोळा आला होता. सर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा वर्गात गेला. त्याच्या शब्दांत सांगतो, "गेटवर पोरं सोडायला आलेली लोकं रोज हात हलवतात ना, त्या दिवशी नुसती बघत होती." तीन पालक मॅडमना भेटून गेले. एक आई थेट त्याच्याकडेच आली. तिची मुलगी जूनपासून त्याच्या वर्गात, मजेत. ती म्हणाली, "सर, राग मानू नका. तुम्ही चांगले आहात. पण मला रात्री झोप येत नाहीये." मुलगी दुसऱ्या तुकडीत गेली. दोन दिवस मधल्या सुट्टीत ती याच्या दाराशी येऊन उभी राहायची.

मी विचारलं, "राग नाही आला?"

"कुणाचा राग करू? मी तिच्या जागी असतो तर मीपण हेच केलं असतं की." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पण लेका, त्या दिवशी घरी जाताना सणसरच्या पुढं गाडी बाजूला घेतली आणि थोडा वेळ बसलो तसाच."

त्या आईचं चुकलं असं मला वाटत नाही. भीती खरी आहे आणि तिला हसणारा माणूस मूर्ख आहे. पण भीतीवर आपण काढतो तो उपाय मात्र आळशी आहे. पुरुष नको म्हणजे काम झालं! बसचा ड्रायव्हर पुरुष, वॉचमन पुरुष, संस्थेचे चेअरमन पुरुष, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. वर्गात दिवसभर चोवीस डोळ्यांच्या जोड्यांसमोर बसलेल्या माणसाकडे तेवढं बघायचं. बालकांवरच्या अत्याचाराच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीतलाच असतो, हे क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोचे आकडे दरवर्षी सांगतात. नात्यातला, शेजारचा, येण्याजाण्यातला. बदलापूरनंतर सरकारनं शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, सखी सावित्री समिती यांची सक्ती केली, ते योग्यच. पॉक्सो कायदा तर २०१२ पासून आहे. तो मूल कुणाच्या हाती आहे ते विचारतो, तो हात बाईचा की पुरुषाचा याला त्यात वेगळं माप नाही.

सरनं त्या आठवड्यात मॅडमना एकच गोष्ट सुचवली. माझे नियम काढू नका, सगळ्यांना लावा. दार सगळ्यांचंच उघडं, मोबाइल सगळ्यांचेच जमा, पोरांना बाथरूमला नेताना कायम दोन मोठी माणसं. स्टाफ मीटिंगमध्ये मिस मंडळी चिडल्या. 'आम्हाला कशाला? आम्ही काय...' आणि वाक्य अर्धवट सोडून सगळ्याजणी याच्याकडे बघायला लागल्या. शेवटी नियम लागले. मोबाइलवरून अजून कुरकुर चालू असते.

आता खरी गंमत. याच सरला झेडपीच्या शाळेत पहिलीवर नेमा. कुणी एक शब्द बोलणार नाही. बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर पहिलीला पुरुष गुरुजी असणं ही कित्येक पिढ्यांची नेहमीची गोष्ट आहे. नाक गळणारं, चड्डी सांभाळत येणारं सहा वर्षांचं पोर गुरुजींच्या हवाली करून आई खुशाल खुरपायला जाते. म्हणजे पोर पाच वर्षं अकरा महिन्यांचं असेपर्यंत त्याला बाईच लागते, आणि सहावं संपलं... सॉरी, सहावं लागून पुरं झालं की गुरुजी चालतात. त्या एका महिन्यात पोरात काय बदललं? काही नाही. बदलली ती वेतनश्रेणी.

कुठल्याही गावात जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी एकाच आवारात दोन खोल्या असतात. एका खोलीत पहिलीचा वर्ग, तिथे सातवा वेतन आयोग. शेजारच्या खोलीत अंगणवाडी, तिथे मानधन. अंगणवाड्या ज्या योजनेत चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि तेव्हापासून सेविका ही बाईच, त्यातही त्याच गावची रहिवासी. पुरुषाला अर्जच करता येत नाही. पदाचं नाव तरी बघा, सेविका! जिला मदत करायला ती मदतनीस. शिक्षक हा शब्दच नाही. सेवा करणारीला पगार कसा मागता येईल? डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या, तेव्हा मानधन दहा हजारांच्या घरात होतं आणि संप दीड महिन्याच्या वर चालला. २०२२ मध्ये त्यांना ग्रॅच्युइटी लागू होते हे सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. 'लहान मुलं बायकांनाच जमतात' हे वाक्य ऐकायला किती गोड वाटतं, पण त्याचा पुढचा भाग कुणी मोठ्यानं म्हणत नाही, जमतंच आहे तर त्याचे पैसे कशाला? पुरुषांना दाराबाहेर ठेवणारं आणि आतल्या बाईला स्वस्तात राबवणारं वाक्य एकच आहे. सरची गोची अशी की तो ते दार ढकलून आत गेला आणि आत गेल्यावर त्याला पगारही बाईचाच मिळाला.

बरं, हे क्षेत्र बायकांचंच, हेही काही वेदांत लिहिलेलं नाही. किंडरगार्टन हा शब्द १८४० मध्ये फ्रीड्रिख फ्रोबेल नावाच्या जर्मन गृहस्थानं काढला. आपल्या शेजारी, भावनगरला, १९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती संस्थेचं बालमंदिर सुरू केलं. गिजुभाई वकील! चालती वकिली सोडून अडीच-तीन वर्षांच्या पोरांमध्ये जाऊन बसले. झुपकेदार मिशा होत्या, म्हणून लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणायला लागले. मिशीवाली आई. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करायला भावनगरला गेल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि तेच काम ताराबाईंनी पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर नेलं, अनुताई वाघांना बरोबर घेऊन. पोरं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्या, ही अंगणवाडीची आयडिया तिथलीच. म्हणजे आज ज्या अंगणवाडीत पुरुषाला मज्जाव आहे, तिच्या खापरपणजोबांना मिशा होत्या.

पण गंमत बघा, गिजुभाईंचं कौतुक करतानाही लोकांना 'आई'च म्हणावंसं वाटलं. लहान पोरात रमणारा पुरुष, यासाठी आपल्याकडे शब्दच नाही. जपानमध्ये हीच अडचण होती. तिथे पाळणाघरातल्या शिक्षिकेला 'होबो' म्हणायचे आणि त्यातल्या 'बो'चा अर्थ आई. १९९९ मध्ये त्यांनी कायद्यातला शब्द बदलून 'होइकुशी' केला, जो बाईलाही चालतो आणि बुवालाही. नॉर्वेनं तर बालवाड्यांत वीस टक्के पुरुष आणायचं ठरवलं होतं. कित्येक वर्षं झाली, गाडी दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळतेय. नॉर्वेची ही कथा, तर आमच्या बारामतीनं एक मास्तर पचवला हे काही कमी नाही!

आणि शब्दाचंच म्हणाल तर आमच्या रस्त्यावर तो दरवर्षी आषाढीच्या आधी चालत येतो. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीत घोड्यांचं, आणि एरवी चारचौघांत शिवी दिल्याशिवाय न बोलणारे मिशाळ बाप्ये एकमेकांच्या पाया पडून 'माउली, माउली' म्हणतात. तेव्हा कुणी हसत नाही. सरच्या वर्गातल्या एका आजोबांनी तर सुट्टीच्या वेळी गेटवरून हाक मारली होती, "ओ माउली, आमचं नातू द्या बाहेर!" सरला ते 'सर'पेक्षा बरं वाटलं.

भीमा ओलांडली की पलीकडे माढा तालुका. तिथल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर्सचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकली. आमच्याकडे तेव्हा चौकाचौकात फ्लेक्स लागले होते. पहिली ते चौथीच्या पोरांना शिकवणारा पुरुष, जगात भारी! सरच्या वडिलांनी तो पेपर जपून ठेवला होता. मुलाला दाखवला. म्हणाले, "असं कायतरी कर." सर काय बोलणार? डिसले सर रेषेच्या पलीकडे, हा अलीकडे.

रेषेच्या अलीकडचा आणखी एक वर्ग आमच्या भागात दर हंगामात भरतो, त्याला ना फी ना फलक. कारखान्यांच्या आसपास ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. बीडकडून, पाथर्डीकडून टोळ्या येतात. आईबाप पहाटे अंधारात कोयते घेऊन फडात. कोपीत उरतात ती पोरं. सगळ्यात धाकटं कुणाच्या कडेवर असतं? आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या. तिची शाळा गावाकडे राहिली, इथे तीच बालवाडीची बाई. या पोरांसाठी साखरशाळा निघाल्या, प्रयत्न झाले, अजूनही होतात, पण सहाच्या आतलं पोर बहुतेक वेळा ताईच्या कडेवरच राहतं. तिच्याबरोबरीचा भाऊ मात्र ट्रॅक्टरवर बसून फडात जातो, मोठा झाल्याच्या थाटात. बालसंगोपन हे बायकांचं काम, ही ॲडमिशन इतक्या लवकर होते. सर संध्याकाळी परतताना त्या कोप्यांवरून जातो. एकदा म्हणाला, "ती पोरगी माझ्यापेक्षा भारी सांभाळती रे. पण तिला कोण सांभाळतंय?"

कोरोनात त्याचीही परीक्षा झाली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, प्रीस्कूल तर सगळ्यात शेवटी उघडली, २०२२ च्या सुरुवातीला. तीन वर्षांच्या पोराला ऑनलाइन काय शिकवणार? फी नाही, पगार नाही. मिस मंडळींपैकी काहींनी घरून केक, कुणी क्रोशाचं काम सुरू केलं. हा बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझरच्या हाताखाली लागला. पगार शाळेच्या जवळजवळ दुप्पट. आई खूश, वडील पारावर कंपनीचं नाव सांगू लागले, लग्नाची स्थळंही पुन्हा यायला लागली. शाळा उघडायच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. यानं राजीनामा दिला. घरात दोन दिवस कुणी बोललं नाही. कारण विचारलं तर एवढंच म्हणतो, "तिकडं दिवसभरात काय झालं ते रात्री आठवायचं नाही."

तुम्ही पुण्यातली मंडळी पोराच्या प्रीस्कूल ॲडमिशनला जाता तेव्हा काय काय विचारता, आठवा बरं. एसी आहे का, बसला जीपीएस आहे का, स्प्लॅश पूल आहे का, सीसीटीव्ही मोबाइलवर दिसतो का. फी तर अशी असते की आपलं अख्खं इंजिनीअरिंग त्यात झालं असतं. पुढच्या वेळी आणखी एक विचारा. या फीमधले वर्गातल्या टीचरला किती मिळतात? समोरच्या मॅडमचा चेहरा बघा. पाठोपाठ दुसरंही विचारा, तुमच्याकडे पुरुष शिक्षक का नाही? नवं शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं, त्यात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय. कागदावर बालवाडी आणि दुसरी आता एका रांगेत. पगाराच्या रांगेचं काय करणार, ते धोरण वाचून मला तरी कळलं नाही.

सरनं २०२५ ची अभियोग्यता चाचणी दिली. या वेळी मार्क बरे पडलेत. यादीत नाव लागलं तर झेडपीची शाळा, आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना १६,००० रुपये, मग ती वेतनश्रेणी. आईनं नवस बोलून ठेवलाय.

"जाणार?" मी विचारलं.

"जाणार की. किती दिवस आईला चोरून बसवायचं पाहुण्यात? पण पहिलीच मागून घेणार. चौथीवर टाकलं तर भांडणार."

"आणि इथली पोरं?"

"एक डी.एड. झालेला पोरगा बघितलाय, निमगावकडचा. मागच्या महिन्यात दोन शनिवार वर्गात बसवला त्याला. पोरांनी त्याच्या पाठीवर घोडा घोडा केला, कपडे मळले, तरी दुसऱ्या शनिवारी आला. मॅडमना म्हटलंय, मी गेलो तर जागेची जाहिरात द्या, पण त्यात 'फक्त महिला' लिहू नका."

"मग? काय म्हणाल्या?"

"बघू म्हणाल्या."